मंडळात, वसाहतीत, घरात नवी रीत रुजवायची तर : माणसं एकमेकांकडे बघून कशी वळतात आणि त्याचा उपयोग कसा करावा

मंडळाची बैठक भरते. यंदा महाप्रसादाला डिस्पोजल ताटल्या-ग्लास नकोत, स्टीलची ताटं वापरू, असा विषय कुणीतरी काढतं. सगळे माना डोलावतात, ठराव होतो, चहा येतो. आणि प्रसादाच्या दिवशी सकाळी मांडवामागे डिस्पोजलचे गठ्ठे उतरलेले दिसतात. ठराव मोडायचा असं कुणीच ठरवलेलं नसतं. बाकीचे काही ऐनवेळी ताटांच्या भानगडीत पडणार नाहीत, असं प्रत्येकाने मनाशी धरलेलं असतं, इतकंच.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर... इंदुरात जिथे मराठी वस्ती आहे तिथे गणेश मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, भिशी आहे, नाटकाला मिळून जाणारे गट आहेत. चांगलं काही व्हावं असं वाटणारी माणसंही प्रत्येक ठिकाणी आहेत. त्यांचं अडतं ते एकाच जागी: ती एकेकाला पटवत बसतात. पटलं म्हणून सवय बदलली, असं फार क्वचित होतं. माणूस आजूबाजूला बघतो, आणि त्याच वेळी आजूबाजूचे त्याच्याकडे बघत असतात. या बघण्याचा शिस्तशीर अभ्यास नव्वद वर्षं चालू आहे आणि त्यातून कामाला येईल असं बरंच हाती लागलं आहे. ते आपल्या मंडळात कसं वापरायचं ते इथे क्रमाने लिहिते.

उदाहरणाला महाप्रसादाची ताटंच घेते. तुमचा विषय वेगळा असेल. कार्यक्रम वेळेवर सुरू करणं, संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकचे डबे न लुटणं, विसर्जनाला डीजे नसणं, मुलांशी घरात मराठीच बोलणं. पायऱ्या फारशा बदलत नाहीत. मात्र वेळ हाताशी ठेवा. गणपतीसाठी आषाढातच सुरुवात हवी.

पहिली पायरी : स्वतःवरचा प्रभाव तपासा

दुसऱ्यांना वळवायला निघण्याआधी आपण कुणाच्या ओढीने चालतो ते बघायला हवं. हे सोडून पुढे गेलात तर बाकीच्या पायऱ्या नुसत्या क्लृप्त्या होऊन बसतील.

ओढ दोन तऱ्हेची असते. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत पहिल्यांदा आलेला पाहुणा ज्या दुकानापुढे गर्दी आहे तिथेच थांबतो. त्याला माहिती नसते, गर्दीला असेल असं तो धरतो. स्टॅनली मिलग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हेच तपासलं. एक माणूस उभा राहून समोरच्या इमारतीकडे वर बघत असला, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४ टक्के त्याच्याजवळ थांबले. पंधरा जण वर बघत उभे राहिले, तेव्हा ४० टक्के थांबले. वर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरी ओढ अधिक चिवट. इथे माहिती असते, डोळ्यांना दिसत असतं, तरी वेगळं पडायचं नसतं. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: खोलीत सात-आठ तरुण, समोर एक रेघ, शेजारी लहानमोठ्या तीन रेघा. त्यांतली पहिलीएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे सगळे आधी ठरवून ठेवलेले. अठरापैकी बारा वेळा ती सगळी मंडळी एकमुखाने चुकीचं उत्तर देत आणि मग त्या एकट्याची पाळी येई. एरवी कुणीही चुकणार नाही असं ते काम. तरी या बारा वेळांतली जवळपास एक तृतीयांश उत्तरं गर्दीमागे गेली, आणि निदान एकदा तरी वाकलेले लोक तीनचतुर्थांश होते. आता यातला आपल्या उपयोगाचा भाग. त्या ठरवून बसवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी वाकण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर आलं. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं असलं, तरी ते पुष्कळ घटलं. एक सोबती आणि एक चिठ्ठी. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बाहेरून दोन्ही ओढी सारख्याच दिसतात, उपाय मात्र निराळे आहेत. पहिल्या तऱ्हेच्या माणसाला माहिती द्यावी लागते, दुसऱ्याला सोबत. डिस्पोजल का वाईट हे ज्याला पुरतं ठाऊक आहे त्याला पुन्हा तेच समजावत बसलो, तर तो फक्त चिडतो.

आता स्वतःचे गेल्या वर्षभरातले तीन मोठे निर्णय कागदावर लिहा. मुलाला भंवरकुआँला कोचिंग लावलं असेल, लग्नात जेवणाचे पदार्थ वाढवत नेले असतील, कुणाच्या सांगण्यावरून पैसे गुंतवले असतील. प्रत्येकापुढे तीन उत्तरं लिहा. हे मला कुणी सांगितलं, आणि त्याला कुठून कळलं? कुणी बघणारं नसतं तर मी हेच केलं असतं का? वेगळं केलं असतं तर कुणाला उत्तर द्यावं लागलं असतं?

पहिल्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. भिशीतल्या दहा जणी एखाद्या योजनेची तारीफ करतात तेव्हा आपल्याला दहा साक्षी मिळाल्यासारखं वाटतं. शोधत गेलं की त्या दहाही जणींनी एकाच बाईकडून ऐकलेलं असतं, साक्ष एकच. दामदुप्पट देणाऱ्या बुडव्या योजना अशाच घरोघर पोचतात, कारण सुरुवातीच्या लोकांना पैसे खरोखर मिळतात, नंतर येणाऱ्यांच्याच पैशांतून, आणि तेच लोक भोळ्या मनाने प्रचारक होतात. म्हणून मोठ्या खर्चाच्या बाबतीत इतरांचं ऐकण्याआधी आपला आकडा आणि आपलं मत लिहून ठेवायचं. मग ऐकायचं. मत बदललं तर बदललं, पण ते कुठून कुठे गेलं हे तुम्हाला दिसेल.

दुसरी पायरी : चिठ्ठ्या घ्या

ठराव करण्याआधी हे करा. बैठकीत हात वर करायला सांगू नका. छोटे कागद वाटा, नाव लिहायचं नाही असं स्पष्ट सांगा आणि दोन प्रश्न विचारा: ‘तुम्हाला स्वतःला काय आवडेल, ताटं की डिस्पोजल?’ आणि ‘बाकीच्यांपैकी किती जणांना ताटं आवडतील असं वाटतं?’

दुसरा प्रश्न वगळू नका, सारी गंमत त्यातच आहे. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं दारू पिण्याबद्दलचं मत असंच दोन अंगांनी विचारलं. तिथल्या पिण्याच्या रिवाजाबद्दल मुलं मनातून जेवढी अस्वस्थ होती, त्याहून इतर मुलं कमी अस्वस्थ आहेत असं त्यांना वाटत होतं. आतून नापसंती आणि बाहेरून मूक संमती. आपल्याकडे हळदी-कुंकवाच्या वाणाचं पाहा. घरात डब्यांचा ढीग साचलाय, देणारी कंटाळलीय, घेणारी कंटाळलीय, आणि दोघींना वाटतंय की समोरचीला हवंच असेल.

चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उलगडा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. दोन्हींत मोठी तफावत निघाली तर निम्मं काम तिथेच झालं. आणि चिठ्ठ्यांतूनही बहुतेकांना डिस्पोजलच हवंसं निघालं, तर तेही खरं माना. मग हा विषय यंदाचा नाही. माहिती देण्यापासून सुरुवात करायला हवी.

तिसरी पायरी : कोण कुणाकडे बघतं, याचा नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. मंडळातल्या घरांची नावं लिहा आणि पंधरा दिवस नुसतं बघा. नव्या तऱ्हेचा मिसळणाचा डबा कुणाच्या घरून गल्लीभर पसरला? लग्न ठरलं की केटररचं नाव कुणाला विचारतात? महाप्रसादात मीठ-तिखटाचा शेवटचा शब्द कुणाचा? ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला की बाकीचे अंगठे येतात?

बहुतेक ठिकाणी उत्तर अध्यक्ष हे नसतं. स्वयंपाकघर सांभाळणारी एखादी काकू असते, निवृत्त शिक्षक असतात, ज्याच्या दुकानावर संध्याकाळी चार माणसं टेकतात तो असतो. बाणाने दाखवा: कोण कुणाकडे बघतं. काही बाण दोन्हीकडून निघतील, आणि तेच सर्वांत कामाचे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये मांडला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळे १९४१ पर्यंत ते बियाणं वापरू लागले होते. बियाण्याची बातमी जवळजवळ निम्म्यांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून कळली. घ्यायचं हे ठरलं मात्र शेजाऱ्याचं शेत पाहून, आणि ऐकण्यापासून पेरण्यापर्यंत कित्येकांची काही वर्षं गेली. पिकात फायदा उघड दिसत असून ही गत. तुमच्या ताटांना एका बैठकीत यश येत नाही म्हणून खचू नका.

चौथी पायरी : एका गल्लीपासून सुरू करा

इथे बरेच उत्साही लोक एक गोष्ट उलटी करतात. सगळीकडे ठिणगी पडावी म्हणून प्रत्येक गल्लीतलं एकेक घर तयार करतात. बातमी पसरवायला ही पद्धत उत्तम आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नव्या नोकरीची खबर जिवलग मित्रापेक्षा तोंडओळखीच्या माणसाकडून अधिक मिळते, कारण तो दुसऱ्या वर्तुळात वावरतो. सवयीचं तसं नाही. सवयीला एकाहून अधिक ओळखीच्या माणसांचा पाठिंबा लागतो. डॅमन सेंटोला यांनी २०१० मध्ये आरोग्याविषयीच्या एका इंटरनेट समूहात दोन प्रकारची जाळी मुद्दाम विणली. एकात शेजाऱ्यांचे शेजारीही एकमेकांना जोडलेले, दुसऱ्यात जोडण्या इकडे-तिकडे विखुरलेल्या. नवी गोष्ट स्वीकारणारे पहिल्या जाळ्यात सुमारे ५४ टक्के निघाले, दुसऱ्यात ३८ टक्के.

याचा आपल्यापुरता अर्थ असा की पाच गल्ल्यांत पाच घरं पकडण्यापेक्षा एका गल्लीतली पाच घरं पकडा. एकट्या घराला रोज उत्तर द्यावं लागतं, ‘तुम्हीच कशाला हा उपद्व्याप करताय?’ आणि महिनाभरात ते घर थकतं. लागून असलेली पाच घरं एकमेकांना धरून राहतात आणि सहाव्या घराला एकदम पाच जण दिसतात.

ही पाच घरं निवडताना आणखी एक हिशेब. ग्रॅनोव्हेटर यांनीच १९७८ मध्ये मांडलेला. समजा एका गावात शंभर माणसं आहेत. एक जण कुणाचीही वाट न बघता सुरू करतो. दुसऱ्याला एक सोबती लागतो, तिसऱ्याला दोन, असं करत शंभराव्याला नव्याण्णव. पहिला उठला की सगळे उठतात. आता तसंच दुसरं गाव घ्या आणि त्यातला फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एकाऐवजी दोन सोबती लागतात असं धरा. पहिला एकटाच राहतो, पुढे काहीही होत नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, पहिल्या गावचे लोक जागरूक आणि दुसऱ्या गावचे सुस्त. दोन्ही गावांत फरक एका माणसाचा आहे.

म्हणून सुरुवात करणाराच शोधत बसू नका. ते काम तुम्ही स्वतः करणार आहात. खरा शोध घ्यायचा तो दुसऱ्या आणि तिसऱ्याचा. ‘तू केलंस तर मी आहे’ असं म्हणणारी मैत्रीण, आणि ‘तुम्ही दोघी असाल तर आमच्याकडूनही’ म्हणणारं घर. अशी दोन नावं मिळेपर्यंत बैठकीत विषय मांडू नका.

पाचवी पायरी : कष्टाचा प्रश्न आधी सोडवा

या पायरीशिवाय बाकी सगळं पोकळ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इंदूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पंचविसाव्या क्रमांकावर होतं आणि २०१७ मध्ये पहिलं आलं. पुढेही वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. बाहेरगावचे नातेवाईक विचारतात, लोकांची वृत्ती एकदम कशी बदलली? वृत्ती नंतर बदलली. आधी गाडी दारात येऊ लागली, ठरल्या वेळी, गाणं वाजवत. कोपऱ्यावरच्या कचरापेट्या हटल्या, दंड होऊ लागला. ओला आणि सुका वेगळा द्यायचा तर तो गाडीपाशी, शेजाऱ्यांच्या देखत द्यावा लागू लागला. आज सहा प्रकारांत वेगळा करतात. योग्य वागणं सोपं झालं आणि शिवाय ते चारचौघांना दिसू लागलं. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या म्हणून रीत टिकली.

ताटांचंही तसंच करा. ‘घासणार कोण?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो जवळजवळ नेहमी बायकांच्या वाट्याला येतो. त्याचं उत्तर हातात नसताना पर्यावरणावर बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

समजा तीनशे पानं जेवणार आहेत आणि पंगत साठाची आहे. एक पंगत जेवत असताना आधीच्या पंगतीची ताटं धुऊन पुसून तयार व्हायला हवीत, म्हणजे दोन पंगतींची १२० आणि वर तीस जादा, अशी दीडशे ताटं टेंट हाऊसकडून आणली की भागतं. वाट्या दुप्पट घ्या. धुण्याच्या जागी क्रम लावा: आधी उष्टं काढायचा ड्रम, मग साबणाच्या पाण्याचा टब, मग स्वच्छ पाण्याचे दोन टब, शेवटी पालथी घालायला मोठ्या चाळण्या किंवा जाळीचं टेबल. दर पंगतीला चार माणसं, त्यांतले दोन तरी पुरुष, नावं आधी लिहून लावलेली. कुणालाही दोन पंगतींहून जास्त नाही. मजुरीवर बाई लावायची असेल तर तिचा मेहनताना वर्गणीच्या हिशेबात आधीच धरा, आणि तिला जेवायला पंगतीत बसवा.

उष्ट्याच्या ड्रमात डिस्पोजलचा एक चमचाही पडला नाही तर तो सरळ ओल्या कचऱ्याच्या गाडीत जातो. देवगुराडियाला ५५० टन रोजच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी काढतो आहे. आपल्या वरण-भाताचं उष्टं शहराच्या बसला चालवतं, हे मुलांना सांगा. त्यांना ते फार आवडतं, आणि ड्रमवर मग तीच पहारा ठेवतात.

सहावी पायरी : आधी छोटं काहीतरी मागा

१९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना विचारलं, तुमच्या अंगणात ‘जपून चालवा’ असा मोठा, बेढब फलक लावू का? सरळ विचारलं तेव्हा १७ टक्के हो म्हणाले. ज्यांनी दोन आठवडे आधी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची तीन इंची चिठ्ठी खिडकीला लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के हो म्हणाले. छोटं काम केल्यावर माणूस स्वतःला ‘हे करणारा’ समजू लागतो.

श्रावणातल्या एखाद्या भजनाला नुसतं म्हणा, ‘चहासाठी आपापला कप आणा.’ बस. ताटांचा विषयही काढू नका. दोन-तीनदा कप आले की मग ताटांचं बोला.

हीच युक्ती तुमच्यावरही चालते हे ध्यानात असू द्या. ‘नुसता फॉर्म भरून ठेवा, पैसे नंतर’ असं कुणी म्हणालं की थांबा.

सातवी पायरी : व्याख्यान नको, गोल बसून बोला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. एरवी लोक टाळतात ते अवयवांचं मांस गृहिणींनी रांधावं, अशी सरकारची इच्छा होती. कर्ट लेविन यांनी काही गटांना उत्तम व्याख्यान ऐकवलं. काही गटांत बायकांनी आपसांत चर्चा केली आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के घरांत तो पदार्थ झाला, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के घरांत.

चर्चेत तुमचं काम प्रश्न विचारायचं आणि उत्तर मनापासून घ्यायचं. नकाशावर जी काकू ठळक आली होती तिच्याकडे बैठकीआधी जा. बोलणं साधारण असं होतं:

‘काकू, यंदा ताटं करावीत असं आमच्या गल्लीत चाललंय. तुम्हाला काय वाटतं?’

‘वाटायचं काय, घासायला तू उभी राहणार का गं?’

‘पहिल्या दोन पंगतींना मी आणि दादा दोघं आहोत. पुढच्यांची नावंही लिहिलीत, ही बघा. टब नळाजवळ ठेवू म्हणते.’

‘नळाजवळ नको बाई, तिथे चिखल होतो, कुणी घसरून पडेल. मागच्या गेटपाशी ठेव, टाकीचा पाइप तिथवर येतो. आणि शेवटच्या पंगतीला ताटं नकोच. तोवर सगळे दमलेले असतात. त्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी घे, द्रोणही मिळतात.’

या बोलण्यात कोण कुणाला वळवतंय? तुम्ही ताटं घेऊन गेलात आणि ताटं अधिक पत्रावळी असा जास्त चांगला बेत घेऊन परत आलात. काकूंचं ऐकलंत, म्हणून आता तो बेत काकूंचाही झाला. हे खोटं करता येत नाही. मनात आधीच सगळं ठरवून नुसतं विचारल्यासारखं केलं की माणसं ते ओळखतात, आणि पुढच्या वेळी तोंडदेखलं ‘हो’ म्हणतात. काकूंनी खरोखर काही बदलायला सांगितलं तर बदलण्याची तयारी ठेवूनच त्यांच्या दारात जा.

आठवी पायरी : ग्रुपवर काय लिहायचं आणि काय नाही

सगळ्यात सहज बिघडणारी जागा ही. बघा हा संदेश: ‘कितीही सांगितलं तरी लोक डिस्पोजलच वापरतात, निम्मे लोक ताटात अन्न टाकतात, लाज वाटली पाहिजे.’ लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. वाचणाऱ्याला मात्र एकच कळतं: अच्छा, सगळे असंच करतात तर.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं लाकूड आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे उचलून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या आणि खुणा केलेले तुकडे वाटेवर टाकले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं’ या अर्थाच्या पाटीपुढे सुमारे ८ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशा साध्या पाटीपुढे २ टक्क्यांहूनही कमी.

तेव्हा वाईटाची मोजदाद जाहीर करू नका. असं लिहा: ‘तिसऱ्या गल्लीतल्या सात घरांनी पंगतीच्या धुण्याला नावं दिली. भजनाला काल बत्तीस जण आपले कप घेऊन आले.’ आकडा छोटा असला तरी खरा हवा. फारच छोटा असेल तर वाढ सांगा: ‘मागच्या भजनाला नऊ कप होते, काल सोळा.’ आणि ‘सगळे तयार आहेत’ असं, नसताना, कधीही लिहू नका. हे एकदा उघडं पडलं की तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सरासरी सांगतानाही जपा. ‘यंदा सरासरी वर्गणी ५०१ आली’ असं लिहिलं की २५१ देणारे थोडे वर सरकतात, पण १००१ देणारेही पुढच्या वर्षी खाली येण्याचा संभव असतो. कॅलिफोर्नियात विजेच्या वापराबाबत नेमकं हेच दिसलं. २००७ मधला अभ्यास आहे. शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी वापर घटवला आणि कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा त्यांची वाढ थांबली. आपल्याकडे हसऱ्या चेहऱ्याचं काम दोन ओळींची चिठ्ठी करते. जास्त देणाऱ्या, जास्त राबणाऱ्या घरी जाऊन आभार माना आणि ते ग्रुपच्या गर्दीत उरकू नका.

नाव घेऊन लाजवणं पूर्ण टाळा. डिस्पोजल आणणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकला की तो माणूस आणि त्याचे चार भाऊबंद त्या रीतीच्या कायमचे विरोधात जातात.

नववी पायरी : विरोध करणाऱ्यांशी कसं वागावं

तुम्ही कमी असलात तर एकच गोष्ट हाताशी असते, सातत्य. सर्ज मॉस्कोव्हिची यांनी १९६९ मध्ये सहा-सहांचे गट घेऊन निळ्या रंगाच्या काचा दाखवल्या. सहांतले दोघे ठरवून ‘हिरवा’ म्हणत. ते प्रत्येक वेळी तसंच म्हणत तेव्हा बाकीच्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं त्यांच्याकडे वळली. कधी हिरवा कधी निळा म्हणत तेव्हा जेमतेम एक टक्का. ८ टक्के म्हणजे फार नाही, पण ती माणसं उघड चुकीचं सांगत होती! तुमचं म्हणणं बरोबर असेल तर तेवढा टिकाव तुम्हाला जड जाऊ नये.

सातत्य म्हणजे हट्ट मात्र नव्हे. मुद्दा एकच धरा: यंदा प्रसाद डिस्पोजलमध्ये नाही. बाकी सगळं सोडायला तयार राहा, म्हणजे पत्रावळी की ताटं, मजुरी लावायची की नाही, पंगत की बफे. अण्णा म्हणतील, ‘चाळीस वर्षं मंडळ चालवलं, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?’ त्यावर खरं असलेलं सांगा: ‘अण्णा, तुम्ही सुरू केलं तेव्हा डिस्पोजल होतंच कुठे? तेव्हा कसं करत होतात, तेच विचारायला आलोय.’ जुन्या लोकांना बोलतं केलं की पुष्कळदा तुमची नवी रीत त्यांची जुनीच निघते.

दहावी पायरी : तो दिवस आणि त्यानंतरचा आठवडा

पहिल्या पंगतीला तुमची पाच घरं आणि काकू-अण्णा बसलेले असू द्या. जेवून उठताना आपलं ताट स्वतः ड्रमपाशी नेणारे पहिले सात-आठ जण आधी सांगून ठेवलेले हवेत. मागून येणारे त्यांच्याकडे बघूनच वळतात, पाटी वाचून नाही. पाटी तरीही लावा, बाणासह.

दुसऱ्या दिवशी तीन आकडे ग्रुपवर टाका: किती पानं जेवली, डिस्पोजल किती आणावं लागलं, ताटांचा एकूण खर्च गेल्या वर्षीच्या डिस्पोजलच्या खर्चापेक्षा किती कमी-जास्त. जास्त आला असेल तर जास्तच लिहा. सोबत धुण्यावर राबलेल्या प्रत्येकाचं नाव, मजुरीवर आलेल्या ताईंचंही.

त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, धुण्याच्या पाळीतल्या लोकांना घरी चहाला बोलवा आणि विचारा, काय त्रास झाला. टब कमी पडले, पाणी संपलं, तिसऱ्या पंगतीला कुणी आलंच नाही. सगळं एका वहीत लिहा. आणि ती वही पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, शक्यतो आधी ‘घासणार कोण’ म्हणून विचारणाऱ्याच्या. सोबत टेंट हाऊसचा नंबर, पत्रावळीवाल्याचा पत्ता आणि पंगतींची यादी वहीतच चिकटवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागणार नाही.